पलंगाचा बाक

६ जानेवारी

मालकीणबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून मोजमापं सोडून मी हाताने काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तशी तू काढणारच म्हणा.

दुकान चालू आहे. बालवाडीच्या बाईंनी ते फुटक्या आरशाचं टेबल टाकलं होतं ना, त्याचं पुस्तकांचं कपाट झालं. पॉलिश मीच मारलं. बुडबुडे आले. शेजारचा इस्त्रीवाला बघून म्हणाला, "कपाटाला कांजिण्या आल्यात का?" बाईंना सांगितलंय की अजून एक हात बाकी आहे. कुणाचा हात, ते सांगितलं नाही. तू भिजवलेली लाख बरणीच्या तळाशी बसलीय. ती ढवळायची की वरचंवरचं घ्यायचं, एवढं तरी तुझ्या ताईंकडून कळव.

आता बाकाचं. तू आलीस, पिशव्या खाली ठेवल्यास, दाराशी नवा बाक दिसला म्हणून त्यावर बसून चपला काढल्यास. "छान झालाय हो," म्हणालीस. मी आत होतो, मला बरं वाटलं. मग तू बसल्या बसल्या लाकडावरून हात फिरवलास. तुझा हात एकदा फिरला की लाकूड कुठलं, कधीचं, सगळं तुला कळतं. तीस वर्षं मी ते बघतोय, आणि तरी मला वाटलं होतं की या वेळी कळणार नाही. तू ओरडली असतीस तर चाललं असतं. आतल्या खोलीत गेलीस, लंबूच्या पलंगाची रिकामी जागा बघितलीस, बाहेर आलीस आणि म्हणालीस, "तुम्ही त्याला मेला समजलात." पिशव्या उघडल्यासुद्धा नाहीस. त्याच पिशव्या आणि तू पॉलिश केलेल्या दोन खुर्च्यांतली एक घेऊन उलट्या पावली ताईंकडे परत.

तर ऐक. पलंगाला वाळवी लागली होती. तू भाचीच्या बाळंतपणाला गेलीस त्या दहा दिवसांत माझ्या लक्षात आलं. थांबलो असतो तर सगळाच पोखरून गेला असता. चांगलं होतं तेवढं लाकूड वाचवलं आणि बाक केला, खाली चपलांना फळी. एवढंच आहे. लंबूवर माझा राग नाही. पोराला घर सोडून सात वर्षं झाली म्हणून मी त्याच्यावर पाणी सोडलंय, असं मनात आणू नकोस.

खुर्ची नेलीस ते बरं केलंस. ताईंकडे पाठीला आधार देणारं काही नाही.

ये लवकर.

तुझा,
सुतारबुवा


२२ जानेवारी

मालकीणबाई,

ताईंचा फोन आला. तुझा निरोप त्यांनी शब्दाला शब्द सांगितला, मधे खोकल्यासुद्धा नाहीत. "वाळवी लागलेलं लाकूड तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. त्याचा बाक करून दाराशी मांडाल? खोटं बोलायचं तर निदान सुतारासारखं बोला."

पकडलंस. वाळवी नव्हती. पलंग ठणठणीत होता. वसतिगृहाच्या मोडीतली खाट आणि शाळेचं एक जुनं दार, त्यातून मी तो केला होता. लंबू चौदाचा झाला तेव्हा पायथ्याशी वीतभर वाढवला, सतराचा झाला तेव्हा आणखी चार बोटं. तीन जातींची लाकडं. त्यांना एका रंगात आणायला तू नाकाला फडकं बांधून आठवडाभर बसली होतीस आणि तरी उन्हात सांधे दिसायचेच.

लंबूला त्याची लाज वाटायची. गेला त्या दिवशी हेच म्हणाला होता, "या घरात एक तरी वस्तू आपल्यासाठी म्हणून बनवलेली आहे का? सगळं लोकांनी टाकलेलं." आणि मी म्हणालो, "मग जा की नवं मिळतं तिथे. दार उघडंच आहे." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. सात वर्षांत एकदाही तू ते वाक्य मला ऐकवलं नाहीस. मला वाटायचं, विसरलीस. आता कळतं, विसरली नव्हतीस, गिळून बसली होतीस.

पलंग का मोडला ते सांगतो. दर रविवारी तू त्याची चादर बदलायचीस. कुणी न झोपलेली चादर धुवायचीस, वाळवायचीस, दुसरी घालायचीस आणि पायथ्याशी उभी राहून मला हाक मारायचीस, "अहो, अजून वाढला असेल का हो? आणखी एक फळी लावावी लागेल." सत्तावीस वर्षांचा माणूस वाढतो का गं? पण मी कधी हसलो नाही. "बघू," म्हणायचो आणि दुकानात जायचो. अलीकडे मला ते बघवेना. मला बोलता येत नाही, करता येतं, हे तुला ठाऊक आहे. घरात जे मोडलं त्याचं मी दुसरं काहीतरी करत आलो आणि आपलं भागत आलं. वाटलं, पलंगाचा बाक झाला की तुझा रविवार आपोआप सुटेल. तू दोन दिवस रडशील, मग त्यावर बसून भाजी निवडशील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चुकलो. काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

सुतारबुवा


१५ फेब्रुवारी

मालकीणबाई,

"होता तसा करा, मग येते." बरं बाई. सोपं काम सांगितलंस.

बाक मोडला. मोडताना कळलं की मी किती पक्का केला होता. खिळे कमी, पाचरीच जास्त, प्रत्येक पाचर पटाशीने उकरून काढावी लागली. दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला शिव्या दिल्या असत्या. मग सगळे तुकडे दुकानात जमिनीवर ओळीने मांडले आणि कुठला कुणाशेजारी होता ते रेषा जुळवून लावलं. करवत लाकूड खाते, दर कापाला थोडं थोडं. मी अकरा काप घेतले होते. सगळे तुकडे एकाला एक भिडवले तरी पलंग दोन बोटं कमी भरतो. इस्त्रीवाला दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, लोक जुन्याचं नवं करतात, तुम्ही नव्याचं जुनं करताय." त्याला म्हटलं, तुझी इस्त्री तापलीय, जा.

दोन बोटांसाठी डोक्याकडे एक पट्टी घालतो. चौथं लाकूड. रंग तू आणशील तेव्हा.

ताई म्हणाल्या, दर सोमवारी तू लंबूचा फोटो घेऊन बाहेर पडतेस. एक दिवस एका गावचा बस स्टँड, पुढच्या सोमवारी दुसऱ्या गावचा. तिकिटाच्या खिडकीशी, हमालांना, चहाच्या टपऱ्यांवर फोटो दाखवतेस. तो फोटो वीस वर्षांचा असतानाचा. कुणी म्हणालं की बाई, आता हा असा दिसत नसेल, तर म्हणे तू सांगतेस, "डोळे तेच असणार." मागच्या सोमवारी जिना उतरताना पडलीस, हेही ताईंनीच सांगितलं. तू कशाला सांगशील.

आणि पलंग झाला की घरी येणार, पण सोमवार सोडणार नाही, इथूनही जात राहणार, असं म्हणालीस. ये. जपून जा. गुडघ्याला पट्टा बांध.

गादी मोठ्या मापाची शिवायला टाकलीस म्हणे. लांबी मला विचारायची होतीस.

सुतारबुवा


३ मार्च

पलंग झाला. आतल्या खोलीत होता तिथेच, खिडकीकडे डोकं करून ठेवलाय. पायांखाली चपट्या द्याव्या लागल्या नाहीत, डगमगत नाही. पट्टी दिसते, पण अंगावर येत नाही.

पत्र इथे संपवलं तर तू शनिवारी येशील. ताईंना तू तसं सांगितलंयस. शनिवारी तू येशील, रविवारी चादर घालशील, सोमवारी फोटो घेऊन निघशील, आणि मी दुकानात बसून गुडघ्याच्या पट्ट्याची काळजी करत बसेन. मला ते चालेल असं गेला आठवडाभर मी स्वतःला सांगत होतो. तू घरात असशील, मला आणखी काय हवंय?

मागच्या पत्रात मी "जपून जा" असं लिहिलं. त्याची मला लाज वाटते.

लंबू गेला. मागच्याच्या मागच्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये. मला तेव्हापासून माहीत आहे.

तुला आठवत असेल, मी एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान बघायला म्हणून तीन दिवस गेलो होतो. हॉटेल नव्हतं. सकाळी दुकानात एका माणसाचा फोन आला होता. तो लंबूबरोबर खोलीत राहायचा. लंबूच्या पाकिटात आपल्या दुकानाचं कार्ड होतं, त्यावरून त्याने नंबर लावला. कावीळ झाली होती, पोराने अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. बसने आठ तास लागले. मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशीच तो गेला होता. दवाखान्यातल्या कारकुनाने वय विचारलं तर मला बोटांवर मोजावं लागलं. ओळखलात का, असं तुझ्या मनात येईल. ओळखला. दाढी होती. उंची तेवढीच होती गं. तुझी फळी लागली नसती.

खोलीवरचे चौघे आणि मी, आम्ही सगळं उरकलं. तुला बोलवायला हवं होतं. आठ तास थांबलो असतो तर तू पोचली असतीस, तुला त्याचं तोंड दिसलं असतं. तो हक्क तुझा होता आणि मी तो मारला. याला माफी नाही. मागतही नाही.

मग त्याची खोली बघायला गेलो. फळांच्या शीतगृहात तो खोकी भरायचा. खोलीत एक टेबल होतं, मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचं, त्याने स्वतः केलेलं. वर मेणबत्तीचं मेण घासून चकाकी आणली होती. मी खाली वाकून सांधे बघितले. मी डावखुरा, माझी पाचर उलट्या बाजूने बसते, हे तुला माहीत आहे. लंबू उजवा. पण त्याने प्रत्येक पाचर माझ्यासारखीच उलटी बसवली होती. ती तशीच बसवतात असं त्याला वाटत असणार. मी कधी त्याला शिकवलं नव्हतं. त्याने नुसतं बघितलं होतं. ज्या पोराला टाकलेल्या लाकडाची लाज वाटायची, त्याने हे केलं होतं.

त्याचा जोडीदार म्हणाला, "काका, हे घेऊन जा." मी नाही घेतलं. घरी आणलं असतं तर तू लांबूनच हात ओळखला असतास आणि विचारलं असतंस, आणि मी काय सांगणार होतो? तिथेच ठेवलं. पण सामान आणायला जातो म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हाताने कसा येणार? म्हणून स्टँडजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून दोन खुर्च्या घेतल्या. बसच्या टपावर टाकल्या. पोराला तिथे सोडून मी खुर्च्या घेऊन आलो. तू त्या नऊ दिवस घासल्यास, पॉलिश केल्यास आणि म्हणालीस, "आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही इतकं चांगलं लाकूड आणलंत." त्यातल्याच एकीवर तू आत्ता बसून हे वाचत असशील. उठ, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

आलो त्याच दिवशी सांगणार होतो. बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. घरात शिरलो तर रविवार होता. तू चादर घालत होतीस. एक टोक माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "धरा जरा." मी धरलं. त्यानंतर सव्वा वर्ष दर रविवारी मी ते टोक धरत आलो. मग तू भाचीकडे गेलीस आणि मी करवत काढली.

सोमवारी जाऊ नकोस. कुठल्याच स्टँडवर जाऊ नकोस. दाखला दुकानात मोजमापांच्या वहीत ठेवलेला आहे.


११ मार्च

शनिवार गेला. तू येणार नाहीस हे माहीत असूनही मी दार लोटून घेतलं नाही. ताईसुद्धा फोन उचलत नाहीत.

सोमवारी तू गेलीस की नाही, एवढंच कळव. मला शिव्या दे, सात पिढ्यांचा उद्धार कर, पण गेलीस की नाही तेवढं कुणाकडून तरी कळव. इस्त्रीवाल्याच्या नंबरवर फोन केलास तरी तो मला सांगेल.

बालवाडीच्या बाई कपाट तसंच घेऊन गेल्या.


२४ मार्च

ताईंचा फोन आला. पत्र वाचून तू दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी फक्त त्या खोलीचा पत्ता मागितलास, असं त्या म्हणाल्या. टेबल आणायला जाणार म्हणे. एकटी. मी बरोबर आलेलो तुला चालणार नाही, हेही त्यांनी सांगितलं, जरा अवघडून. बरोबर आहे तुझं.

पत्ता लिहितो. बसमधून उतरलीस की बर्फाच्या कारखान्याची भिंत धरून चाल. भिंत संपते तिथे डावीकडे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, शेवटून दुसरी, निळं दार. रस्त्याला चढ आहे. बसायला मधे कुठे जागा नाही.

पण तू निघण्याआधी मी लंबूच्या जोडीदाराला फोन केला. तो मागच्या पावसाळ्याआधीच खोली सोडून गेला. टेबल तिथेच राहिलं, त्याला न्यायला जमलं नाही. आता तिथे एक रंगारी आणि त्याची बायको राहतात. त्यांचा नंबर त्याने मिळवून दिला, म्हणून मी तिथे बोललो. रंगारी चांगला माणूस वाटला. म्हणाला, "टेबल होतं हो. खिडकीची काच फुटली होती, पाणी आत यायचं, म्हणून मोडून फळ्या ठोकल्या. लाकूड चांगलं होतं, फेकून कसं देणार? पायांची बायकोने भांड्यांना मांडणी केली." फार अभिमानाने सांगत होता. मांडणीला त्याने निळा रंगही दिलाय, दार रंगवून उरलेला. कुणाचं टेबल होतं हे त्याला माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही. मी "छान केलंत" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मी असतो तर मीही तेच केलं असतं. केलंच की मी तेच.

हे तुझ्यापासून लपवावं असं दिवसभर वाटत होतं. तू जाशील, निळं दार दिसेल, आत टेबल नसेल, मग तूच काय ते समजशील. पण मी ते आता करणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे दारात उभं राहून तुला धक्का बसू नये.

फळ्या चार आहेत. आतून ठोकल्यात. रंगारी म्हणाला, मावशींना बघायच्या असतील तर खुशाल बघू दे, पण काढून देता येणार नाहीत, पाऊस आत येतो. पाचरी शिल्लक नसतील, मोडताना त्या आधी फेकल्या जातात. त्याचा हात ओळखता येईल असं त्यात काही उरलं असेल, असं मला वाटत नाही. तरी तू हात फिरवून बघ. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.

पलंग तसाच आहे. त्यावर काही घातलेलं नाही.

बघून आलीस की मला काही कळवायची गरज नाही. मीही तुला दीड वर्ष काही कळवलं नव्हतं.